डाव्या बाजूचा भार

मंगरूळपीर,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

श्री. हेमसिंग राठोड, मु. पो. मेडशी, यांस
सप्रेम नमस्कार.

आपले गॅरेज चिरंजीव विनोदच्या स्वाधीन करून आपण गावी गेलात, त्यास वर्ष होऊन गेले. या काळात मी आपली विचारपूस केली नाही, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे आपणांस आता जवळजवळ ऐकू येत नाही आणि दूरध्वनीवर बोलणे शक्य नाही, असे विनोदकडून कळले. माझ्या दृष्टीने ही अडचण नसून सोय आहे. येत्या एकोणीस तारखेस माझी पत्नी चंदना हिला जाऊन सतरा महिने होतील. तेव्हापासून बोलताना माझा आवाज मध्येच थांबतो. लिहिताना तसे होत नाही.

आता कामाचे. जीपचे चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलावयाचे आहेत. पुढच्या डाव्या चाकाजवळचा तेल गाळतो. आपणांस स्मरत असेल की २०१९ साली मी हे काम करून घेतले, तेव्हा महिनाभर आकडेमोड करून, सहा माणसे व सामान असा पूर्ण भार गृहीत धरून, जड वाहनास लागतात तसे कडक शॉक निवडले होते. पदार्थविज्ञान शिकवण्यात तेहेतीस वर्षे गेल्यामुळे त्या आकडेमोडीचा मला अभिमान होता. आपण त्या वेळी ते बसवलेत आणि काही बोलला नाहीत.

या वेळी उलट हवे आहे. बाजारात तीन प्रकार दिसतात: साधा तेलाचा, गॅस भरलेला, आणि चक्री फिरवून कमी-अधिक कडक करता येणारा. गाडी १९७४ सालची, स्प्रिंगचे पाटे मूळचे. बसणाऱ्यास धक्का कमीत कमी लागावा, एवढीच अट आहे. यांपैकी कोणता घ्यावा, ते कृपया सविस्तर कळवावे.

आपला,
शांतीलाल डोणगावकर


मेडशी
१८-११-२४

सरले हेमसिंगचा जय सेवालाल.

तुमचं पत्र भेटलं. वाचाले मले दोन चहा लागले. एवढं शुद्ध मराठी आमच्या घरी कोर्टाच्या समन्समधीच येते, म्हनून आमची धनीबाई आधी भेलीच. म्या सांगतलं सरचं हाय, तवा कुठं खाली बसली.

शॉकअपचं आयका. गॅसचा घेऊ नका. जीप हलकी हाय, तिले तो कडक पडते. चक्रीवाला दिसाले चांगला, पन दोन पावसाळ्यात चक्री जाम होते, मंग हातोडीनंबी फिरत नाई. साधा तेलाचा घ्या.

पन सर, शॉकअप गाडी पाहून नाई घेत, मानसं पाहून घेतेत. सहा बसत असन तं येगळा, दोन बसत असन तं येगळा. गाडीत कोन बसनार हाय ते आधी लिवा. विनोद तं म्हने का गाडी शेडमधून निंगतच नाई, सर भाजीलेबी पायी जाते. मंग चार नवे शॉकअप कायले पायजे?

तब्येत सांभाळा. जेवन येळेवर करत जा.

हेमसिंग


मंगरूळपीर,
दि. २५ नोव्हेंबर २०२४

श्री. हेमसिंग राठोड यांस
सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. उत्तर असे: उजवीकडे चालक, वजन बासष्ट किलो. डावीकडे एक व्यक्ती, वजन एकेचाळीस किलो. मागे कोणी नाही.

ही एकेचाळीस किलोची व्यक्ती कोण, असे आपण विचाराल. मे २०२३ मध्ये, अकराव्या फेरीच्या दिवशी, अकोल्याच्या रुग्णालयातील काट्यावर चंदनाचे वजन तेवढे भरले होते. ती आता गाडीत बसणार नाही, हे मला समजते. माझी बुद्धी शाबूत आहे. परंतु जी चूक झाली ती कशाने टळली असती, एवढे तरी मला माहीत असावे, असे वाटते.

आपणांस हा इतिहास तुटक माहीत असेल, म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२२ पासून दर तीन आठवड्यांनी तिला उपचारासाठी अकोल्यास न्यावे लागे. आजार कण्याच्या हाडापर्यंत पोचला होता. मी भाड्याची मोटार ठरवली होती. पण बंद गाडीतल्या वासाने तिला उलट्या होत. ती म्हणाली, जीपच हवी, वारा लागतो. जाताना सत्तर किलोमीटर, येताना सत्तर. अशा अकरा फेऱ्या मी तिला माझ्या त्या कडक शॉकवर बसवून नेले. तिने एकदाही ‘दुखते’ असे म्हटले नाही. ती गेल्यावर डॉक्टरांनी सहज बोलताना सांगितले की कण्याच्या अशा आजारात प्रत्येक धक्का सुरीसारखा लागतो.

आपल्या मुलांना तिनेच शाळेत अक्षरओळख करून दिली होती आणि ती आपल्याशी मोकळेपणाने बोलत असे. म्हणून विचारतो. गाडीच्या धक्क्यांविषयी ती आपल्याजवळ कधी काही बोलली होती काय? उत्तर कसेही असले तरी ते मला हवे आहे. रोज सकाळी जाग येते ती याच प्रश्नाने.

आपला,
शांतीलाल डोणगावकर


मेडशी
६-१२-२४

सरले जय सेवालाल.

पत्र उशिरा लिवून राह्यलो. तुरीवर फवारा चालू व्हता.

बाई मले काई बोलल्या नाई. त्या आल्या का पोट्ट्याइचंच इचारत. थोरला अमरदीप पुन्याले कंपनीत लागला तवा त्याइनं पेढे वाटले, आमच्याआधी.

सर, माहं आयका. शॉकअप बदलू नका. जे हायेत ते चांगले हायेत. एक गळते तं तेवढा विनोदले सांगून बदला, माप त्याले मालूम हाय. तुमी गाडीखाली जाऊ नका. ह्या वयात कंबर धरली तं कोन उचलन तुमाले. आन जे झालं ते रोज उकरून काई हाती येत नाई. आमच्याकडं एक चक्कर मारा, हुरडा होईन आता. धनीबाई म्हने सरले सांगा, कांदा-लसून नाई घालत आमी चटनीत, तुमच्यासाठी येगळी करू.

हेमसिंग


मंगरूळपीर,
दि. १४ डिसेंबर २०२४

श्री. हेमसिंग राठोड यांस,

आपल्या सल्ल्याविरुद्ध मी काल गाडीखाली गेलो. नवा शॉक मागवण्यापूर्वी जुन्याचे माप स्वतः घ्यावे, ही माझी पद्धत आहे. २०१९ च्या माझ्या वहीत शॉकच्या नळीचा व्यास साठ मिलीमीटर नोंदलेला आहे. गाडीवर असलेल्या चारही शॉकचा व्यास पन्नास मिलीमीटर भरला. मी प्रत्येक माप तीनदा घेतले. वर हिरवा रंग दिलेला आहे, अगदी माझ्या शॉकचा होता तसा. परंतु तो कारखान्याचा नसून हाताने दिलेला आहे. त्यात ब्रशचे केस अडकलेले दिसतात.

म्हणजे माझे शॉक कोणीतरी काढून नेले, त्या जागी हलक्या दर्जाचे बसवले आणि मला कळू नये म्हणून रंगवून ठेवले. गाडीस आपल्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. सव्वीस वर्षे मी किल्ली आपल्याकडे निर्धास्तपणे देत आलो. शॉक बदलू नका, गाडीखाली जाऊ नका, असे आपण मला का सांगत होता, हे आता ध्यानात आले.

वस्तू गेली, त्याचे मला काही नाही. परंतु माझी आजारी पत्नी ज्या गाडीत बसून जात होती, त्या गाडीशी आपण हे केलेत. आपल्याकडून याची अपेक्षा नव्हती. खुलासा असल्यास कळवावा.

शां. डोणगावकर


मेडशी
२१-१२-२४

सर,

तुमी चोर म्हनलं ते म्या दोनदा वाचलं. धनीबाईले सांगतलं नाई. चोर म्हना, चालन. खोटारडा म्हनसान तं ते मातर खरं हाय, गेल्या पत्रात खोटंच लिवलं व्हतं.

बाई गॅरेजवर आलत्या. पायी, छत्री घेऊन. यष्टी स्टँडपर्यंत येता येता दोन ठिकानी बसल्या म्हने. म्या टायर झटकून देल्ला, त्याच्यावर टेकल्या. म्हनलं बाई, निरोप देल्ला असता तं म्या घरी आलो असतो. तं म्हने, “मंदिरात जाते असं सांगून आले, राठोड. मंदिराएवढाच वेळ आहे, लवकर ऐका.”

मंग म्हने, “सरांनी निवडलेले शॉक फार चांगले आहेत. सहा माणसांसाठी. आम्ही दोघंच आहोत, हे त्यांच्या गणितात आलंच नाही.” असं म्हनून हासल्या. जरा येळानं म्हने, “मला आता बसवत नाही त्यावर.”

म्या म्हनलं, सरले सांगा नं मंग, सर एका दिवसात बदलतीन. तवा बाईनं जे म्हनलं ते जसंच्या तसं लिवतो. “त्यांना कळलं की माझं यात दुखतं, तर ते गाडीला पुन्हा हात लावणार नाहीत. दुसऱ्या कोणाच्या गाडीत मला मागे आडवं टाकून नेतील. मला यांच्या बाजूला बसून जायचं आहे.”

मंग म्या ऑइल बदलाचं निमित्त काढून गाडी नेली. चार नरम शॉकअप टाकले. हलक्या दर्जाचे नाईत ते सर, दोन मानसाइचे हायेत. हिरवा रंग आदल्या दिवशी बाईनंच पिशवीतून आनला, आन बुरूस शाळेतला, चित्राचा. पयला शॉकअप त्याइनं सोताच रंगवला, मांडीवर पेपर घेऊन. ते केस त्याच बुरशाचे हायेत.

हे दुसऱ्या फेरीनंतरचं हाय. मंजे कडक शॉकअपवर दोनच फेऱ्या झाल्या. बाकीच्या नऊ नरमवर गेल्या. म्हनून सांगतो, मनाले लावून घेऊ नका.

हेमसिंग


मंगरूळपीर,
दि. २ जानेवारी २०२५

प्रिय हेमसिंग,

मी आपल्यावर चोरीचा आळ घेतला. पत्राने मागितलेली क्षमा पुरेशी नाही, हे जाणून मी प्रत्यक्ष मेडशीस येऊन ती मागणार आहे. तोवर हे पत्र आपण सौ. धनीबाईंना वाचून दाखवावे, अशी विनंती करतो.

ब्रशचे केस मी जागच्या जागी राहू दिले आहेत. आपले पत्र आले त्या दिवसापासून मी रोज एकदा टॉर्च घेऊन ते पाहून येतो. त्यामुळेच एक गोष्ट दिसली. पुढच्या डाव्या शॉकच्या बुडाशी, जेथे तेल झिरपते, तेथे रंगाचा पापुद्रा सुटला आहे आणि खाली कारखान्याचा शिक्का आहे: ०२-२३. म्हणजे फेब्रुवारी २०२३.

आमची दुसरी फेरी २९ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली. चार महिन्यांनंतर तयार होणारी वस्तू त्या सुमारास बसवता येत नाही.

फेऱ्यांची वही मी काढली आहे. तारीख, निघण्याची व पोचण्याची वेळ, रस्त्याची स्थिती, असे मी प्रत्येक वेळी लिहीत असे. चार मार्चच्या आठव्या फेरीपुढे माझ्याच अक्षरात लिहिले आहे: ‘महान गावाच्या अलीकडचा रस्ता दुरुस्त झाला. प्रवास सुखाचा.’ हे मी तिला त्या संध्याकाळी वाचून दाखवले होते. ती म्हणाली, “हो, चांगलं काम केलंय.” मी म्हणालो, बांधकाम खात्याला एक आभाराचे पत्र लिहायला हवे. तिने मला कागद आणून दिला. ते पत्र मी खरोखर लिहिले व टपालात टाकले.

आणखी एक सांगतो; हे मी अद्याप कोणास सांगितलेले नाही. डिसेंबर-जानेवारीच्या फेऱ्यांत ती मला दोनदा म्हणाली होती, “जरा हळू घ्या, पाटा तुटेल.” पाटा का तुटणार नाही, हे मी तिला समजावून दिले. आकड्यांसह समजावले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

आपण मला दया दाखवली. मला दया नको, संख्या हवी आहे. कडक शॉकवर किती फेऱ्या झाल्या, ते खरे लिहा. आणि माझे ते जुने चार शॉक आता कोठे आहेत, हेही कळवा.

आपला,
शांतीलाल डोणगावकर


मेडशी
११-१-२५

सर,

सात.

बाई सातव्या फेरीनंतर आलत्या, फेब्रुवारीत. दोन म्या मनानं नाई लिवलं. बाईनंच सांगून ठेवलं व्हतं, जाता जाता, छत्री उघडता उघडता. “कधी कळलंच त्यांना, तर दोन सांगा, राठोड. दोन ते सोसतील.” म्या म्हनलं बरं. शिक्क्याचं न त्याइच्या ध्यानात आलं, न माह्या. मेलेल्या मानसाले देल्लेला शब्द तुमी मले मोडाले लावला, म्हनून थोडा राग हाय तुमच्यावर. क्षमा मागाले येसान तवा पाहू.

जुने शॉकअप इथंच हायेत, कडब्याच्या कुट्टीच्या खोलीत, पोत्यात बांधून. इकले नाई, फेकले नाई. विनोद संक्रांतीले घरी येनार हाय, त्याच्या हाती देतो. तुमी ते कायले मांगून राह्यले, हे मले समजलं. बाई असत्या तं नाई म्हनल्या असत्या. म्याबी नाईच म्हनतो. पन वस्तू तुमची हाय.

धनीबाईले पत्र वाचून दाखोलं. ते रडली. मंग म्हने, त्याइले म्हना, जेवाले थांबनार असतीन तरच या.

हेमसिंग


मंगरूळपीर,
दि. २९ जानेवारी २०२५

प्रिय हेमसिंग,

शॉक मिळाले. आपण त्यांना तेल लावून ठेवले होते, गंज मुळीच नव्हता.

परवा विनोदने माझ्या सांगण्यावरून ते चारही गाडीला बसवले. त्याची इच्छा नव्हती. काल सकाळी साडेसात वाजता, म्हणजे आम्ही निघत असू त्याच वेळी, आम्ही अकोल्याच्या रस्त्याला लागलो. विनोद चालवत होता, मी डावीकडे बसलो होतो. ही गाडी माझ्याकडे इतकी वर्षे आहे, परंतु त्या जागेवर मी काल प्रथमच बसलो. तेथून रस्ता वेगळा दिसतो. चालकाला खड्डा आधी दिसतो आणि त्याचे शरीर सावध होते. डावीकडच्याला तो लागल्यावरच कळतो. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होतो. हे मला कोणी सांगावयास नको होते.

ठरवले होते की रुग्णालयाच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. एक पूर्ण फेरी. माझे वय सदुसष्ट असले तरी मी निरोगी आहे, माझ्या कण्याला काही झालेले नाही. महान यायच्या आधीच मी विनोदच्या दंडावर हात ठेवला. थांबण्याची खूण केली.

आपण काळजीत असाल, म्हणून पुढचे आधी सांगतो. मी घरी सुखरूप आहे. दुपारीच विनोदने कडक शॉक काढून पूर्वीचे नरम पुन्हा चढवले. गळणाऱ्याच्या जागी त्याच मापाचा साधा तेलाचा मागवला आहे. तो आला की बसेल. मग गळका मी ठेवून घेणार आहे, कारण तो तिने रंगवलेला आहे की आपण, हे मला सांगता येत नाही. मेडशीस येताना बरोबर आणीन. आपण ओळखाल. पुढच्या रविवारी येतो, जीपनेच, आणि जेवायला थांबतो, असे सौ. धनीबाईंना सांगावे. कडक शॉक आपल्याकडे परत आणतो. ते घरात ठेवण्याइतका मी अद्याप खंबीर नाही.

सात ही संख्या मी वहीत लिहिली. तिला वाटले होते तसे झाले नाही. मी सोसतो आहे. परंतु काल जे घडले ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

विनोदने गाडी रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली घेतली. इंजिन बंद केले. तो आपल्यासारखाच कमी बोलतो. मग त्याने विचारले, “सर, कुठं दुखून राह्यलं?”

मी त्याला कमरेच्या वर, कण्यापाशी, बोटाने जागा दाखवली. त्याने आपली शाल घडी करून तेथे लावली व परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याआधी मला सांगत राहिला.

त्या रस्त्यावर मी चंदनाला पुष्कळ काही विचारत असे. पाणी हवे का. ऊन लागते का. रिपोर्टांची फाईल घेतली ना. घरी येऊन मी अकराही फेऱ्यांच्या नोंदी समोर ठेवल्या आणि एकेक दिवस आठवत संध्याकाळपर्यंत बसलो. विनोदने जे विचारले, ते मी तिला विचारल्याचे मला कोठेही सापडले नाही.

आपला,
शांतीलाल डोणगावकर